वुडचिप्सच्या वाफ्यात वाइन कॅप: पांढरे तंतू दिसतात, अळंबी एकही नाही

उत्तरेचा_वाफा (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार. घराच्या उत्तर बाजूला 4 बाय 8 फुटांच्या वाफ्यात मागच्या मे महिन्यात वाइन कॅप (किंग स्ट्रोफेरिया) ही खाण्याची अळंबी लावली. वुडचिप्स (लाकडाच्या ढलप्या) झाडं तोडणाऱ्यांकडून फुकट मिळालेल्या. बहुतेक ओक आणि मेपल, थोडं पाइन. ढीग आधीच्या ऑक्टोबरपासून अंगणात पडून होता. थर 10 इंचांचा, मधोमध 5 पौंडी स्पॉनची (अळंबीच्या बियाण्याची) एक पिशवी सगळीकडे सारखी पसरली. वर काही झाकलं नाही. पाणी आठवड्यातून दोनदा पाइपने. ऑक्टोबरपर्यंत एका कोपऱ्यात जाड पांढरे तंतू दिसले, बाकी काही नाही. लहान तपकिरी छत्र्यांचे घोस आणि काळी शाई गळणाऱ्या छत्र्या मात्र भरपूर आल्या. एप्रिल संपत आलाय. वाफा मोडून नवा करावा की वाट पाहावी? त्या तपकिरी छत्र्या खाता येतात का?

ओक_मेपल

तपकिरी छत्र्या खाऊ नका. त्याबद्दल इथलं कुणीतरी नीट लिहीलच, मी वाफ्याचं बोलतो.

तुमची खरी अडचण चिप्सचं वय आहे. सात महिने ढिगात पडलेल्या चिप्समध्ये इतर बुरश्यांनी आधीच घर केलेलं असतं. तुमचा स्पॉन भरलेल्या घरात राहायला गेला. शाईवाल्या छत्र्या हीच त्याची खूण. पाल्यासकट दळलेल्या चिप्सचा ढीग आतून 60 अंश सेल्सियसपर्यंत तापतो, आणि तो थंड झाला की हवेतून येणाऱ्या पहिल्या बुरश्या तिथे बसतात. म्हणून चिप्स आल्यापासून दोन ते चार आठवड्यांत लावायच्या. ढीग तापला असेल तर आधी पातळ पसरून निववायचा. तपासणी सोपी आहे: एक ढलपी मोडा. ताजी असेल तर कटकन तुटते, आत फिकट दिसते, ओल्या लाकडाचा वास येतो. जुनी वाकते, चुरगळते, आतून काळपट असते.

दुसरं, 10 इंच फार झाले. सहा इंचांपेक्षा खोल हवा कमी पडते आणि तळ आंबतो. हात खुपसून तळातली मूठभर चिप्स काढा. सडक्या अंड्यासारखा किंवा आंबूस वास आला तर तिथे वाइन कॅप जगणार नाही. जिथे ती जिवंत आहे तिथले तंतू शुभ्र, दोरीसारखे जाड असतात, ढलप्यांना एकमेकींशी बांधून ठेवतात, आणि वास ताज्या अळंबीचा येतो.

तिसरं, स्पॉन तोकडा पडला. 5 पौंडांची पिशवी 16 ते 25 चौरस फुटांना पुरते, तीही 5–6 इंचांच्या थरात. तुम्ही 32 चौरस फुटांच्या 10 इंच थरात एकच पिशवी घातलीत. स्पॉन जितका दाट, तितक्या लवकर तो जागा धरतो आणि परकी बुरशी बाहेर राहते. यात काटकसर परवडत नाही.

वाट पाहू नका, पण सगळं फेकूही नका. तंतू असलेला कोपरा खोदून ती ढेकळं बादलीत बाजूला ठेवा आणि ओल्या गोणपाटाने झाका. उरलेल्या जुन्या चिप्स काढून झाडांच्या बुडाशी आच्छादन म्हणून टाका. मग:

साधा तपकिरी पुठ्ठा (चिकटपट्टी आणि चकाकी नसलेला) भिजवून तळाशी अंथरा. त्यावर 3 इंच ताज्या चिप्स, आदल्या दिवशी पिंपात 24 तास भिजवलेल्या. निम्मा स्पॉन चुरून पसरा, कडांना जास्त, कारण तंतू कडेच्या ओल्या मातीकडे आधी धावतात. बाजूला ठेवलेली ढेकळंही इथेच मिसळा. वर आणखी 3 इंच चिप्स, मग उरलेला स्पॉन, त्यावर बोटभर चिप्स. शेवटी 2 इंच गव्हाचं काड. वाळलेलं गवत नको, त्यात तणाचं बी असतं. हिशेब: 32 चौरस फूट गुणिले अर्धा फूट म्हणजे 16 घनफूट, साधारण 0.6 घनयार्ड. स्पॉनच्या दोन पिशव्या.

लाकूड मेपल, ओक, बीच, पॉप्लर, एल्म चालतं. पाइन थोडं असेल तर हरकत नाही. सीडर आणि ब्लॅक लोकस्ट टाळा, ती लाकडं कुजायला तयारच नसतात. सगळ्या चिप्स मोठ्या नकोत, भुसाही असू द्या. भुशात तंतू भराभर पसरतात आणि मोठ्या ढलप्यांमुळे हवा खेळती राहते.

आत्ता केलंत तर पहिलं पीक शरद ऋतूत, नाहीतर पुढच्या वसंतात. न्यू जर्सीची थंडी तंतूंना मारत नाही, ते गोठून पुन्हा जागे होतात.

ठसा_आधी

तपकिरी छत्र्यांबद्दल. चिप्समध्ये उगवणाऱ्या लहान तपकिरी छत्र्यांत गॅलेरिना मार्जिनाटा असू शकते. तिच्यात डेथ कॅप या जीवघेण्या अळंबीतलंच अमाटॉक्सिन हे विष असतं. उलट्या-जुलाब सुरू व्हायला सहा ते चोवीस तास लागतात, मध्ये थोडं बरं वाटतं आणि तोवर यकृत पोखरलं जात असतं. शिजवून हे विष जात नाही. कुणी चुकून खाल्लंच तर लक्षणांची वाट न पाहता इमर्जन्सीत जा, किंवा अमेरिकेतल्या पॉयझन कंट्रोलला फोन करा: 1-800-222-1222. खाल्लेल्यातला एखादा तुकडा जपून ठेवा.

तुमच्या वाफ्यात वाइन कॅप लावली म्हणून तिथे उगवेल ते वाइन कॅपच, असं धरून चालू नका. प्रत्येक छत्रीवर हे सगळं जुळलं पाहिजे:

टोपी कोवळेपणी लालसर, वाइनच्या रंगाची. उन्हाने फिकी होऊन पिंगट पडते, त्यामुळे नुसत्या रंगावर भरवसा नको. टोपीखालचे पापुद्रे आधी पांढुरके, मग राखी-जांभळे, शेवटी जवळजवळ काळे. देठावर जाड वलय आणि त्याच्या कडेला दातेरी चक्रासारखे कंगोरे, ही सर्वांत बोलकी खूण. देठाच्या बुडाला पांढऱ्या दोऱ्या, चिप्स धरून बसलेल्या.

मग बीजाणूंचा ठसा. देठ कापून टोपी पांढऱ्या कागदावर पालथी घाला, वर वाटी झाका, रात्रभर ठेवा. वाइन कॅपचा ठसा गडद जांभळट-काळा येतो. गॅलेरिनाचा गंजासारखा तपकिरी. हिरवट आला तर ती बहुधा क्लोरोफायलम, तीही पोट बिघडवणारी. मात्र लेराटिओमायसिस सेरेस या नारिंगी-लाल टोपीच्या लहान छत्रीचा ठसाही जांभळट तपकिरी असतो आणि ती चिप्समध्येच येते. म्हणून एकटा ठसा पुरत नाही, वलय पाहायचंच. एक जरी खूण जुळली नाही, तर ती छत्री ताटात येता कामा नये.

उत्तरेचा_वाफा

दोघांचेही मनापासून आभार. हात खुपसून पाहिला, तळ आंबलेलाच आहे. दोन शंका. पाणी नक्की किती? आणि तणासाठी खाली काळं कापड घातलंय, ते राहू दिलं तर चालेल का?

मातीशी_नातं

कापड काढा. वाइन कॅपला फळायला मातीतल्या जिवाणूंची सोबत लागते. निर्जंतुक माध्यमात तिचे तंतू वाढतात, पण छत्री यायला अडून बसते. पुठ्ठा दोन-तीन महिन्यांत कुजून माती मोकळी करतो, कापड ते करत नाही. साधारण सहा-आठ आठवड्यांनी काड बाजूला सारून पाहा. चिप्सवर पांढरी जाळी धरली असेल तर इंचभर कंपोस्ट किंवा बागेतली माती वर भुरभुरून काड परत ओढा. तंतूंना तिथून आणखी एक खाद्य मिळतं: या बुरशीच्या धाग्यांवर काटेरी पेशी असतात आणि त्या मातीतल्या सूत्रकृमींना जखडून मारतात.

पाण्याचं माप दिवसांवर ठेवू नका. काडाखाली चार इंचांवरची मूठभर चिप्स काढून घट्ट पिळा. दोन-चार थेंब पडले तर ठीक. धार लागली तर थांबा. हात कोरडाच राहिला तर भिजवा, आणि भिजवायचं तर पाऊण-एक तास मंद फवाऱ्याने. वाळलेल्या ढलप्यांवरून पाइपचं पाणी घरंगळून जातं, वरचा थर ओला दिसतो आणि आत सगळं कोरडं. तुमच्या आठवड्यातून दोनदाच्या पाण्याचं बहुधा हेच झालं. पाऊस नसेल तेव्हा आठवड्याला इंचभर पाणी हा ढोबळ अंदाज.

काढणी टोपी अजून घुमटासारखी असताना, खालचा पडदा नुकताच फाटलेला असताना. देठ पिळून ओढा. टोपी सपाट झाली की आत अळ्या आणि चव मातकट. गोगलगायी रात्री येतात, म्हणून पहाटे फेरी मारा आणि वाफ्याच्या कडेला भिजलेली फळी ठेवा. सकाळी तिच्याखाली त्या सापडतात. छत्र्या नीट शिजवूनच खा, आणि पहिल्यांदा दोन-चार घासच, काहींच्या पोटाला मानवत नाही.

दर वसंतात 2–3 इंच ताज्या चिप्स वर घाला. नाही घातल्या तर दोन-तीन वर्षांत लाकूड संपतं आणि वाफा नुसतं सुंदर काळं खत होऊन राहतो.

पेठेतली_गच्ची (पुणे)

हेच पुण्यात जमेल का? आंब्या-सुबाभळीच्या ढलप्या सहज मिळतात.

मातीशी_नातं

उघड्या वाफ्यात मी सुचवणार नाही. या जातीला छत्र्या धरायला साधारण 16 ते 21 अंश लागतात. पुण्यात थंडीच्या रात्री तेवढा गारवा मिळतो, पण एप्रिल-मेच्या उन्हात वाफा तापतो आणि तंतू टिकवणं कठीण होतं. दुसरं संकट वाळवी, जमिनीवरची ओली ढलपी म्हणजे तिला आमंत्रणच. (कोकण-गोव्यात पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळमी वाळवीच्याच मदतीने वाढते, चिप्समध्ये ती लावता येत नाही.)

तुमच्याकडे धिंगरी (ऑयस्टर अळंबी) करा. भाताचं किंवा सोयाबीनचं काड 2–3 इंच तुकड्यांत कापून रात्रभर भिजवा, 80 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा, निथळवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत काड आणि स्पॉनचे थर द्या आणि पिशवीला दहा-बारा भोकं पाडून सावलीत टांगा. पांढरी होऊन घट्ट बसली की पिशवी कापा आणि दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारा. उन्हाळ्यात 30–35 अंशांत धिंगरीपेक्षा मिल्की अळंबी बरी. तिला मात्र तंतू धरल्यावर वर इंचभर मातीचा थर द्यावा लागतो.