'हॉपर्स'च्या ट्रेलरवरून नक्की काय कळतं? आणि लहान मुलांसाठी मुंबईत कुठला शो घ्यावा?

कुर्ल्याची_खारूताई

पिक्सारचा 'हॉपर्स' हा ॲनिमेशनपट ६ मार्च २०२६ ला येतोय. टीझर झाला, ट्रेलरही झाला. मेबल नावाच्या मुलीचं मन यंत्राच्या बीव्हरमध्ये (पाण्यात बांध घालणारा, लाकूड कुरतडणारा प्राणी) जातं आणि ती खऱ्या प्राण्यांमध्ये जाऊन मिसळते, इतपत गोष्ट समजली. मला विचारायचंय ते वेगळंच.

एक म्हणजे, काही शॉट्समध्ये बीव्हरचे डोळे नुसते काळे मणी आहेत आणि पुढच्याच शॉटमध्ये मोठे, पांढरे, बोलके. हे मुद्दाम केलंय की अर्धवट झालेलं काम ट्रेलरमध्ये घुसवलंय? फोनवर फरही सपाट, मेणासारखी दिसते.

दुसरं, सोबत साडेचार आणि नऊ वर्षांची मुलं असणार. टूडी, थ्रीडी की आयमॅक्स? यूए प्रमाणपत्र (पालकांच्या सोबतीने बघायचं) आलं तर धाकटीला आत सोडतील का? अस्वल बीव्हरला खायला निघतं तो प्रसंग तिला झेपेल का?

"मस्त वाटतोय, नक्की बघा" छाप उत्तरं नकोत, प्लीज.

---

चोवीस_फ्रेम

डोळे मुद्दाम तसे आहेत, आणि माझ्या मते अख्ख्या ट्रेलरमध्ये बघण्यासारखी गोष्ट तीच आहे.

कॅमेरा माणसांच्या बाजूचा असेल तेव्हा प्राणी निव्वळ जनावर दिसतो. ठिपक्याएवढे डोळे, भुवया जवळजवळ नाहीतच, तोंडातून फक्त आवाज. मेबल बीव्हरच्या अंगात शिरली की तेच प्राणी बोलू लागतात आणि त्यांच्या बुबुळांभोवती पांढरं येतं. समोरचा कुठे बघतोय हे आपण त्या पांढऱ्याच्या कमी-जास्त होण्यावरून ओळखतो. नुसत्या ठिपक्यातून नजर दाखवता येत नाही, त्यासाठी सगळं डोकं वळवावं लागतं. म्हणजे एकाच पात्राला अभिनयाच्या दोन पद्धती लागतात आणि विनोद बराचसा कटवर, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर उडी मारण्यावर, उभा राहतो: इकडे तावातावाने भाषण, तिकडे माणसाला दिसतोय एक मख्ख उंदीरवर्गीय प्राणी. दिग्दर्शक डॅनियल चाँग. त्यांच्या 'वुई बेअर बेअर्स' या टीव्ही मालिकेतल्या तिन्ही अस्वलांचे डोळे ठिपक्यांचेच होते, त्यामुळे थोडक्या रेषांत भाव काढणं त्यांना नवीन नाही.

धोकाही इथेच आहे. ही युक्ती दोन मिनिटांच्या ट्रेलरमध्ये हमखास हसवते. पूर्ण चित्रपटात ती दर दहा मिनिटांनी आली तर पोरंही आधीच ओळखतील. पटकथेने त्या दोन नजरांतून एखादा खरा गैरसमज घडवला, तरच ती टिकेल. हे ट्रेलरवरून सांगता येत नाही, कोणी सांगत असेल तर तो अंदाज आहे.

आता फर. फोनवर मेणासारखी दिसते त्यात स्टुडिओचा दोष नाही, कॉम्प्रेशनचा, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याचा आहे. बारीक केस म्हणजे प्रत्येक फ्रेमला बदलणारा तपशील, आणि यूट्यूब पहिल्यांदा त्यालाच कात्री लावतं. लॅपटॉपवर उघडा, क्वालिटी 'ऑटो'वर न ठेवता हाताने २१६०पी निवडा. स्क्रीन १०८०ची असली तरी चालेल, जास्त बिटरेटचा (दर सेकंदाला येणाऱ्या जास्त डेटाचा) फायदा तिथेही दिसतो. मग व्हिडिओ थांबवा आणि कीबोर्डवरच्या स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी एकेक फ्रेम मागे-पुढे न्या.

असं चालवताना अंगभर बघत बसू नका, जिथे काहीतरी फरला टेकतं तिथे बघा. पंजा छातीवर ठेवला तर खालचे केस दबतात की पंजा त्यातून आरपार जातो? मिठी मारताना दोन फर एकमेकांत घुसतात का? सगळे केस एकेक करून कोणी हलवत नाही. काही मार्गदर्शक केस बसवतात, त्यांची हालचाल मोजतात आणि मधले केस त्यांच्या अनुषंगाने भरले जातात. बिघडतं ते याच भरावात. जोरात वळल्यावर केस एका फ्रेममध्ये उडी मारतात, किंवा स्थिर पात्राची फर विनाकारण वळवळत राहते. पिक्सारच्याच 'मॉन्स्टर्स, इंक.'मधल्या सली या केसाळ राक्षसाच्या अंगावर २००१ मध्ये सुमारे २३ लाख केस होते, त्यामुळे केसांची संख्या ही आता फुशारकीची गोष्ट राहिलेली नाही.

इथे खरी कसोटी ओल्या फरची आहे, कारण पात्र बीव्हर आहे. भिजल्यावर केसांच्या बटा व्हायला हव्यात, अंगाचा आकार बारीक दिसायला हवा, आणि बाहेर आल्यावर पाणी आधी पोटाखालून निथळायला हवं. पुष्कळदा काय करतात, पाण्यात शिरताना कट आणि पुढच्या शॉटमध्ये पात्र कोरडं ठणठणीत. पैसे वाचवण्याची जुनी वाट. ट्रेलरमध्ये असे कट किती आहेत ते मोजा, मजा येईल.

---

पाणथळ

वरच्या प्रतिसादात भर म्हणून, मूळ प्राण्याबद्दल. नऊ वर्षांचा मुलगा-मुलगी थिएटरबाहेर आल्यावर विचारणारच.

बीव्हर कृंतक आहे, म्हणजे खार, घूस, साळिंदर यांच्या गोतावळ्यातला. भारतात तो नाही. पाणमांजराशी गल्लत होते, पण पाणमांजर मासे खाणारं, मांसाहारी गटातलं. बीव्हर मासे खातच नाही. झाडाची साल, सालीखालचा कोवळा थर, पानं आणि पाणवनस्पती हे त्याचं खाणं. चित्रपटात एखादा बीव्हर मासा चघळताना दिसला तर समजायचं, गृहपाठ झालेला नाही.

उत्तर अमेरिकेतला पूर्ण वाढलेला बीव्हर साधारण ११ ते ३२ किलोचा असतो. म्हणजे चांगलं जड जनावर. जमिनीवर मागचा भाग डुलवत चालतो, शेपूट मागे फरपटते. पाण्यात पुढचे पंजे छातीशी दुमडलेले आणि सगळा जोर पडदा असलेल्या मागच्या पायांचा. पुढच्या पंजांनी कुत्र्यासारखं पाणी मारताना दाखवला तर ते चूक.

दात नारिंगी दिसतील, ते रंगकामातलं स्वातंत्र्य नव्हे. वरच्या आवरणात लोह असतं म्हणून तो रंग. पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि लाकूड कुरतडून झिजतात. ओठ त्या दातांच्या मागे मिटतात, त्यामुळे पाण्याखाली फांदी कुरतडताना तोंडात पाणी शिरत नाही. डोळ्यांवर पारदर्शक तिसरी पापणी असते. पाण्याखाली तो पंधरा मिनिटांपर्यंत राहू शकतो.

शेपटीने चिखल थापून बांध लिंपतो ही कार्टूनवाल्यांची जुनी थाप. चिखल तो पुढच्या पंजांनी छातीशी धरून नेतो. शेपटी सुकाणूसाठी, चरबी साठवायला आणि धोका दिसला की पाण्यावर फाडकन आपटायला. ट्रेलर बघताना आवाजाकडे लक्ष द्या, हा फटका कथेत इशाऱ्यासाठी वापरता येण्यासारखा आहे.

बांध कशासाठी, तर घराचं दार पाण्याखाली राहावं म्हणून. पाण्याची पातळी उतरली की दार उघडं पडतं आणि शिकारी आत शिरू शकतो. वाहत्या पाण्याच्या आवाजाने बीव्हर बांधकामाला लागतो. नुसता ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला तरी त्याने स्पीकरवर काटक्या रचल्याचं प्रयोगांत दिसलंय. बांधामागे डबकं होतं, त्यात बेडूक, कीटक, पक्षी येतात. चित्रपटात महापौराला रस्ता हवाय आणि त्याच्या आड प्राण्यांचं तळं येतं, म्हणून ही गोष्ट बीव्हरवर बेतणं बरोबर आहे. ससा घेऊन ती जमली नसती. आणि मुंबईतली मुलं आरेचं नाव काढणारच. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो-३ च्या कारशेडसाठी तिथली झाडं रातोरात तोडली गेली, आणि आज तीच मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत धावते. उत्तर तयार ठेवा, कारण महापौराला नुसतं दुष्ट म्हणून ते सुटणार नाही.

अस्वलाच्या प्रसंगाबद्दल: त्या तळ्यात 'भूक लागली की खायचं' हा नियम आहे आणि मेबल मध्ये पडून तो मोडते. प्रसंग विनोदी आहे, रक्त नाही. साडेचार वर्षांच्या मुलीला शिकारीपेक्षा बाकीचे प्राणी शिकार शांतपणे मान्य करतात तेच जास्त विचित्र वाटेल. ट्रेलर घरी आधी एकदा सोबत बसून दाखवा. तिथे डोळे झाकले नाहीत तर थिएटरमध्ये निभेल.

---

दादर_टीटी

थिएटरचा भाग माझ्याकडे.

प्रमाणपत्र: सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली, त्यानंतर यूएचे तीन गट झाले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. यू म्हणजे सगळ्यांसाठी. यूए ७+ आलं तरी आई-बाबा सोबत असतील तर साडेचार वर्षांच्या मुलीला आत जाता येतं, तो आकडा पालकांसाठी सूचना आहे. दारावर वयाची सक्ती 'ए'ला, म्हणजे फक्त प्रौढांसाठीच्या चित्रपटाला. अमेरिकेत या चित्रपटाला पीजी (पालकांचं मार्गदर्शन हवं) मिळालंय, त्यावरून इथलं प्रमाणपत्र ठरत नाही. बुकिंग ॲपवर चित्रपटाच्या नावाखाली बघा.

तिकीट: बहुतेक मल्टिप्लेक्समध्ये तीन वर्षांपासून पुढे पूर्ण तिकीट लागतं, मांडीवर बसवलं तरी. शंभर रुपयांवरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी, शंभरपर्यंत ५ टक्के. सकाळचा पहिला शो बहुधा सगळ्यांत स्वस्त पडतो.

टूडी की थ्रीडी? धाकटीसाठी टूडी, डोळे झाकून. प्रौढांच्या दोन बुबुळांतलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटर धरतात, लहान मुलांचं त्याहून कमी. पडद्यावरची खोली मोठ्यांच्या हिशेबाने बसवलेली असते, त्यामुळे मुलांच्या डोळ्यांना जास्त ताण पडतो. त्यात चष्मा नाकावरून घसरतो आणि वीस मिनिटांत तो काढून ठेवला की समोर दुहेरी, धूसर चित्र. उजेडही कमी पडतो: टूडीचं प्रमाण १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरच्या उजेडाचं माप) आहे, थ्रीडीत चष्म्यातून त्याच्या निम्माही पोचत नाही. पाण्याखालचे आणि रात्रीच्या जंगलातले शॉट त्यात काळवंडतात.

आयमॅक्स शो लागला तर कुर्ल्याहून वडाळ्याचं मिराज किंवा लोअर परळचं पॅलेडियम. पण साडेचार वर्षांचं मूल सोबत असताना तो खर्च मी सुचवणार नाही. पडदा एवढा मोठा की मान फिरवावी लागते, आणि आवाज अंगावर येतो. साधा स्क्रीन, मागचा एक तृतीयांश भाग, पॅसेजलगतच्या खुर्च्या. बूस्टर सीट दारातच मागून घ्या, दिवे गेल्यावर कोणी आणून देत नाही. स्पीकर भिंतींवर असतात, म्हणून धाकटी पॅसेजच्या आतल्या खुर्चीत आणि मोठं माणूस कडेला.

खाणं: बाहेरचे पदार्थ अडवायचा अधिकार थिएटरला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं. त्याच निकालाप्रमाणे पिण्याचं पाणी फुकट मिळायला हवं, आणि तान्ह्या बाळासाठी आणलेलं खाणं अडवता येत नाही. साडेचार वर्षांची मुलगी त्यात बसत नाही, तेव्हा निघण्याआधी पोटभर पोहे.

---

चोवीस_फ्रेम

थ्रीडीबद्दल थोडा मतभेद. धाकटीसाठी नको हे मान्य. पण नऊ वर्षांच्या मुलाला चष्मा नीट बसतो, आणि तळ्यासारख्या जागेत पाण्याचा पृष्ठभाग, त्यावरची पानं, खालचा तळ हे थर थ्रीडीत छान सुटे होतात. लेझर प्रोजेक्टरचा स्क्रीन असेल तर अंधारही एवढा जाणवत नाही. दोघांना एकत्रच न्यायचं असेल तर अर्थात टूडी.

---

कुर्ल्याची_खारूताई

सगळ्यांचे आभार. टूडी ठरलं. हिंदी डब लागलं तर ते घ्यावं का? धाकटीला इंग्रजी पुरतं कळत नाही, थोरला म्हणतो डबमध्ये ओठ जुळत नाहीत.

---

चोवीस_फ्रेम

प्राण्यांच्या चित्रपटात ओठांचा प्रश्न माणसांपेक्षा कमी. खटकतं ते प, ब, म या अक्षरांना, कारण तिथे ओठ मिटलेच पाहिजेत. बीव्हरचे पुढचे दातच बाहेर आहेत, ओठ धड मिटताना दिसत नाहीत, त्यामुळे चूक लपते. मेबल माणूस असताना आणि महापौर बोलताना मात्र दिसेल. हिंदी ट्रेलर आला तर महापौराचं एखादं वाक्य आवाज बंद करून बघा, मग आवाज लावून. तिथे जमलं असेल तर बाकी सगळीकडे जमलंय. डबमध्ये घात होतो तो ओठांपेक्षा वेगाने. इंग्रजी वाक्य दोन सेकंदांत संपतं, हिंदी त्यात कोंबतात आणि विनोदाआधीचा तो क्षणभराचा थांबा खाल्ला जातो. धाकटीसाठी तरीही हिंदीच घ्या. अर्धं न कळलेलं इंग्रजी असेल तर ती चाळीस मिनिटांत खुर्चीवर उभी राहील.

---

दादर_टीटी

हिंदी शो कमी असतात आणि बहुधा सकाळी किंवा दुपारी, जास्त करून उपनगरांत. कुर्ल्याचं मार्केटसिटी, घाटकोपर, मुलुंड, ठाणे असं शोधा. ॲपमध्ये भाषा आणि फॉरमॅट वेगवेगळे निवडावे लागतात, नाहीतर 'थ्रीडी इंग्रजी'च समोर येतं आणि घाईत तेच बुक होतं. वेळापत्रक आठवड्याच्या मध्याला उघडतं, शनिवारचा सकाळचा शो तेव्हाच धरा. दुसऱ्या आठवड्यावर ढकलू नका, नवा हिंदी चित्रपट आला की पहिला बळी डबच्या शोचा जातो. रविवारी निघायचं असेल तर हार्बरचा मेगाब्लॉक आधी बघून घ्या.

छापील वेळेनंतर जाहिराती आणि इतर ट्रेलर चालतात, त्यातले काही मोठ्यांच्या ॲक्शनपटांचे आणि कानठळ्या बसवणारे. तिकीट दाखवून आत जा, एकाने जागा धरावी आणि दुसऱ्याने तेवढ्या वेळात धाकटीला वॉशरूमला नेऊन आणावं. मध्यंतर इंग्रजी चित्रपटात मूळचं नसतं, इथे मधेच कापलेलं असतं, कधी पाठलागाच्या ऐन भरात. तिथे दिवे लागले की ती घाबरून "संपलं?" म्हणेल, तेव्हा आधीच सांगून ठेवा.