सहावी ते आठवीचा कला अभ्यासक्रम: मसुद्यावर अभिप्राय कसा लिहायचा?

कलाशिक्षक_फोंडा
नमस्कार. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२३ समोर ठेवून सहावी ते आठवीच्या कला विषयाचा मसुदा तपासायचा आहे. दृश्यकला, नाट्य, संगीत, नृत्य व हालचाल अशी चार अंगे आहेत. अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकल्यावर मुलाला काय यायला हवे ती वाक्ये, मोघम वाटतात, उदा. ‘विद्यार्थी लोककलेचे महत्त्व जाणतो.’ आमच्या गोव्यातली फुगडी, धालो (बायकांचे समूहनृत्य), घुमट (मातीचे तालवाद्य) नेमके कुठे बसवायचे तेही उमगत नाही. शिवाय आठवड्याला ४० मिनिटांच्या दोनच तासिका. अभिप्राय लिहायची नेमकी रीत कुणी सांगेल का?

पाटी_पेन्सिल
सुरुवात निष्पत्तीपासूनच करा. ती मोघम राहिली की पुढचे सगळे ढिले पडते. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न लावा: हे घडताना वर्गात काय दिसेल, काय ऐकू येईल? ‘महत्त्व जाणतो’ हे दिसत नाही. म्हणून त्याची शेवटी लेखी परीक्षा होते आणि मूल दोन ओळी पाठ करून सुटते. त्याऐवजी असे सुचवा: ‘शेजारचा गट वेगळा ठेका वाजवत असतानाही आठ मात्रांचा ठेका टाळीने चार आवर्तने, लय न सोडता धरतो.’ मूळ वाक्य, त्यातली अडचण आणि तुमचे पर्यायी वाक्य असे तीन रकाने करा. नुसते ‘हे बदलावे’ लिहिले तर कुणी बदलणार नाही.

तासांचा हिशेबही जोडाच. ३० आठवडे धरले तर ६० तासिका, म्हणजे ४० घड्याळी तास, आणि तेही चार अंगांत वाटायचे. रंगकामाच्या तासिकेत साहित्य वाटायला आठ मिनिटे, धुण्या-आवरण्याला दहा, उरली बावीस. तीस मुले आणि दोन नळ असले तर दहाही पुरत नाहीत. जोडतासिका, म्हणजे सलग दोन तासिका, घेतली की ८० पैकी ६२ मिनिटे हाती राहतात. ‘जोडतासिका’ हा शब्द मसुद्यातच असू द्या, नाहीतर वेळापत्रक करताना तो पहिला गळतो.

घुमट_समेळ
लोककलांबद्दल माझे मत ठाम आहे: क्षमता राष्ट्रीय पातळीवर ठरावी, नमुना गावाने निवडावा. ‘समोरासमोरच्या दोन रांगांत गात, एका लयीत पुढे-मागे सरकणे’ ही क्षमता. आपल्याकडे ती धालोतून शिकवता येते, दुसऱ्या राज्यात दुसऱ्या कशातून. मात्र धालो मांडावरचे (गावातल्या विधीच्या पवित्र जागेवरचे), पौषातले आहेत. रांगा, पावले, गाण्यातली देवाणघेवाण वर्गात घ्या. विधीचा भाग मांडावरच्या बायकांना विचारल्याशिवाय मंचावर आणू नका. ही अट अभिप्रायात स्वतंत्र लिहा.

घुमटाचे एकक (पाठांचा गट) असेल तर तीन गोष्टी तपासा. पहिली, कातडे. पूर्वी घोरपडीचे लावत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली ती संरक्षित आहे, म्हणून आता बकऱ्याचे लावतात. ‘पारंपरिक कातडे’ असा शब्द दिसला तर खोडून ‘बकऱ्याचे कातडे’ करा. दुसरी, हवा. घुमट वाजते ती चवथ (गणेशचतुर्थी) येते भर पावसात; दमट हवेत कातडे सैल पडते आणि आवाज बद्द होतो. वाजवण्याआधी विस्तवाचा लांबून शेक द्यावा लागतो, फार जवळ धरले तर कातडे तडकते. म्हणजे शेक देणे शिक्षकाचेच काम, आणि तेवढा वेळ एककात हवा. तिसरी, डावा हात. मातीच्या भांड्याचे मोठे तोंड मढवलेले, लहान तोंड उघडे. ते डाव्या तळव्याने झाकत-उघडत घुमारा कमी-जास्त करतात. मसुद्यांत बहुधा उजव्या हाताचे बोल तेवढे असतात, डाव्याबद्दल अक्षर नाही. तसे वाजवले तर ते घुमट राहत नाही, नुसते मडके होते.

शिगमो, म्हणजे गोव्यातला होळीचा उत्सव, फाल्गुनात, परीक्षेच्या तोंडावर. त्यातला रोमटामेळ (मिरवणुकीतले नृत्य) किंवा गोफ (नाचत दोऱ्यांची वेणी विणणे व सोडवणे) ठेवायचा तर जानेवारीत घ्या. गोफाला आधी आठच मुले: चार एका दिशेने, चार उलट, एकदा दोरीखालून, एकदा वरून. एकानेही एक ‘खालून’ चुकवली तर विणताना कळत नाही, सोडवताना सगळे अडकते. चूक नेमकी कुठे झाली हे मुलांनाच शोधू द्या; निष्पत्ती तिथेच दिसते.

कलाशिक्षक_फोंडा
फार उपयोगी. मूल्यमापनाचे काय? मसुद्यात चार स्तर आहेत, पण एकाच कामाला दोन शिक्षक वेगळे स्तर देतात.

माती_काम
त्याची चाचणी सोपी आहे. मुलांची दहा कामे घ्या, प्रत्येकासोबत कच्चे रेखाटन आणि मुलाने स्वतः कामाबद्दल सांगितलेली दोन वाक्ये. दोन शिक्षकांनी एकमेकांचे न पाहता स्तर द्यावेत. तीन-चार ठिकाणी फरक पडला तर दोष शिक्षकांचा नाही, निकषाच्या शब्दांचा. ‘सुंदर’, ‘नीटनेटके’, ‘कल्पक’ हे शब्द आधी काढा. मातीकामात लिहा: ‘भाग जोडताना दोन्ही बाजूंना चरे पाडून पातळ माती लावली, वाळल्यावर सांधा सुटला नाही.’ यावर भांडण होत नाही. शब्द सुधारले की नवी दहा कामे घेऊन पुन्हा तपासा, जुनी नकोत. त्यांचे स्तर लक्षात राहिलेले असतात. नाट्य-नृत्यासाठी दोन मिनिटांचे मोबाइल चित्रण पुरते.

आणि एक एकक कलेचे शिक्षण न घेतलेल्या शिक्षकाला शिकवायला द्या. मधे काही सुचवू नका, ते कुठे थांबतात तेवढे टिपा. पुष्कळ शाळांत चारही अंगे एकाच शिक्षकाच्या गळ्यात येतात, तेव्हा शिक्षक-सूचना तिथेच वाढवायला हवी.