मदत हवी आहे: एक्स्चेंजच्या बायलॉज बदलाची अप्रूव्हल ऑर्डर कुठे मिळते? (अर्जंट)

घाईत_आहे:
एका स्टॉक एक्स्चेंजने बायलॉज (स्वतःच्या कारभाराचे नियम) बदललेत, नॉमिनेटिंग कमिटीची (डायरेक्टरांची नावं सुचवणारी) रचना बदललीये आणि बोर्डावर डायरेक्टर किती ते आता बोर्डच ठरवणार वगैरे. मला फक्त नियामकाने मंजुरी कधी दिली ती तारीख हवीये. नोटीस मिळाली पण ऑर्डर कुठ्ठेच नाही, दोन तास शोधतोय. शीटमध्ये 'अप्रूव्हल डेट' असा रकाना आहे, रिकामा ठेवला की मॅनेजर अख्खी शीट परत पाठवतात. संध्याकाळी द्यायचंय, प्लीज लिंक द्या.

निवृत्त_कारकून:
सेबीच्या साइटवर बघा. पण त्याआधी २०१८ चे एसईसीसी रेग्युलेशन्स, म्हणजे एक्स्चेंजसाठीचे सेबीचे नियम, वाचा, हल्लीच्या मुलांना मूळ वाचायला नको असतं. पब्लिक इंटरेस्ट डायरेक्टर, म्हणजे लोकहित बघायला नेमलेला, सेबीच्या मंजुरीशिवाय बसत नाही, एमडीचंही तेच. आणि पब्लिक इंटरेस्ट डायरेक्टरांची संख्या नॉन-इंडिपेंडंट डायरेक्टरांपेक्षा (आधी त्यांना शेअरहोल्डर डायरेक्टर म्हणत) कमी चालत नाही.

शंकासुर:
काका, देश कुठला ते तरी विचारा आधी.

घाईत_आहे:
अमेरिका. एसईसी, म्हणजे तिकडची सेबी. सॉरी, राहिलंच लिहायचं, १९बी-४ फायलिंग आहे, एक्स्चेंज नियम बदलताना एसईसीकडे दाखल करतं ते.

निवृत्त_कारकून:
मग ते वर लिहायला हवं होतं. तरी मी सांगितलेलं वाचून ठेवा, वाया जात नाही.

आडवातिडवा:
ऑर्डर अजून आलीच नसेल. फेडरल रजिस्टरमध्ये (तिकडच्या सरकारी राजपत्रात) छापून आल्यापासून ४५ दिवस, वाटलं तर अजून ४५, आणि प्रोसीडिंग्ज सुरू केल्या तर छापल्याच्या त्याच दिवसापासून १८० आणि वर ६०. म्हणजे २४० दिवस धरून चाला. मी एका फायलिंगच्या मागे असाच आठ महिने होतो. कॅलेंडर रिमाइंडर लावा, माझी एक्सेल आहे त्याची, हवी तर देतो.

शंकासुर:
रिमाइंडर नंतर. नोटीसचं पूर्ण शीर्षक टाका.

घाईत_आहे:
'नोटीस ऑफ फायलिंग अँड' पुढे ते नेहमीचं लांबलचक. त्याने काय फरक पडतो? मला तारीख हवीये.

शंकासुर:
अहो 'अँड'च्या पुढचंच तर हवंय!

घाईत_आहे:
'अँड इमिजिएट इफेक्टिव्हनेस ऑफ अ प्रपोज्ड रूल चेंज टू अमेंड द बायलॉज'

शंकासुर:
झालं. ऑर्डर सापडत नाही कारण ती निघालेलीच नाही आणि निघणारही नाही. हे तिकडच्या सिक्युरिटीज एक्स्चेंज अॅक्टच्या कलम १९(बी)(३)(ए) खालचं फायलिंग आहे, दाखल केलं की लागू. एसईसी ते छापते, साधारण २१ दिवस लोकांचे अभिप्राय घेते, पण मंजुरी अशी देत नाही. आता आत बघा, नियम १९बी-४ चा एफ(३) लावलाय का एफ(६). एफ(३) म्हणजे निव्वळ कारभारापुरता बदल. एफ(६) म्हणजे वादग्रस्त नसलेला, त्यात दाखल केलं की इफेक्टिव्ह, पण प्रत्यक्ष वापरात (ऑपरेटिव्ह) यायला ३० दिवस थांबावं लागतं, एसईसीने सूट दिली तर नाही.

आडवातिडवा:
चूक. ६० दिवस संपेपर्यंत काहीच पक्कं नसतं, एसईसी सस्पेंड करू शकते. तारीख म्हणून ६०वा दिवसच टाकायचा, मी तसंच करतो.

शंकासुर:
सस्पेंड करू शकते म्हणजे तोवर लागू नाही असं कुठे लिहिलंय? उद्या घरमालक घर खाली करायला सांगू शकतो म्हणून आज तुम्ही रस्त्यावर झोपता का. ६० दिवसांत थांबवलं तर मग मंजूर की नामंजूर ते ठरवायला प्रोसीडिंग्ज, नाहीतर पहिल्या दिवसापासून लागूच.

रिकामटेकडी:
मधेच विचारते, कंपनीने स्वतःच्या बोर्डावर किती खुर्च्या मांडायच्या यात सरकारचं काय जातं? शेअरहोल्डर बघतील ना.

आडवातिडवा:
ताई, २००३ आठवा. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजचे अध्यक्ष ग्रासो यांना १३९.५ मिलियन डॉलर मिळणार हे बाहेर आलं आणि सप्टेंबरात त्यांना जावं लागलं. आणि ज्या फर्मांवर एक्स्चेंजने लक्ष ठेवायचं त्यांचेच बडे लोक बोर्डावर! डिसेंबरात एसईसीने तिथल्या बोर्डाची नवी रचना मंजूर केली.

शंकासुर:
हे मात्र बरोबर. तिकडे एक्स्चेंज स्वतः मेंबरांवर, म्हणजे तिथे व्यवहार करणाऱ्या ब्रोकर फर्मांवर, पोलिसगिरी करतं, म्हणून त्याचे बायलॉज कायद्याने 'रूल्स' मध्येच धरतात. आणि कलम ६(बी)(३) म्हणतं डायरेक्टर निवडताना मेंबरांना योग्य प्रतिनिधित्व हवं, शिवाय निदान एक डायरेक्टर इश्युअर (शेअर काढणाऱ्या कंपन्या) आणि गुंतवणूकदारांच्या बाजूचा, ब्रोकरशी संबंध नसलेला. म्हणूनच मला एक खटकतंय. घाईत_आहे, नॉमिनेटिंग कमिटीत मेंबरांच्या जागा कमी केल्यात का? तसं असेल तर 'निव्वळ कारभार' म्हणणं जरा जास्तच होईल.

पैसाच_पैसा:
एक्स्चेंजचे शेअर घेऊन ठेवावेत का लाँग टर्मला? मक्तेदारी धंदा वाटतो.

रिकामटेकडी:
वेगळा धागा काढा हो.

घाईत_आहे:
मेंबरांच्या जागा तेवढ्याच आहेत, एक्झिबिट ५ मध्ये (बदललेला मजकूर असतो ते जोडपत्र) बघितलं, फक्त कमिटीतले बाकीचे लोक बदललेत. आणि एफ(६) आहे. शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ सापडली, ३० दिवसांची सूट मागितली होती आणि एसईसीने दिली, 'ऑपरेटिव्ह अपॉन फायलिंग'. मी ते पान तीनदा स्क्रोल करून गेलो होतो.

शंकासुर:
मग दाखल केल्याचा दिवस तोच इफेक्टिव्ह, तोच ऑपरेटिव्ह. अप्रूव्हलच्या रकान्यात 'लागू नाही' लिहा.

घाईत_आहे:
मॅनेजरांना विचारलं. म्हणतात त्या सेलमध्ये तारखेशिवाय काही टाइपच होत नाही.

आडवातिडवा:
म्हणून म्हणत होतो माझी एक्सेल घ्या.