गार्डनमध्ये इथलंच बर्च लावायचंय, कुठलं घेऊ?

लीड्सकर७४:
नमस्कार मंडळी. लीड्सला मागच्या वर्षी घर घेतलं, मागे बारा मीटरचं गार्डन आहे, माती चिकण आणि अगदी टोकाच्या कोपऱ्यात कायम पाणी साचतं. बायकोला पांढऱ्या खोडाचं बर्च हवंय, मला इथलं मूळचं झाड हवंय म्हणजे पक्षी वगैरे येतील. नर्सरीत दुधासारख्या पांढऱ्या खोडाचं एक दिसलं, लेबलवर जॅकमॉन्टी लिहिलंय, ते सिल्व्हर बर्चच ना? आणि शेजारचे आजोबा म्हणतात मुळं घराचा पाया उचकटतात, खरंय का?

भटक्या_बाबा:
थांबा, घेऊ नका 😀 ते आपलं भूर्जपत्र! हिमालयातलं. गंगोत्रीहून गोमुखला जाताना भोजबासा लागतं ना, ते नाव ह्याच भोजच्या झाडावरून. ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीतलं बख्शाली हस्तलिखित, शून्यासाठी टिंब असलेलं, तेही भूर्जपत्रावरच आहे. झाड देखणंच आहे हो, पण ब्रिटनमध्ये तेही तुमच्या-आमच्यासारखंच बाहेरून आलेलं.
इथली मोठी होणारी बर्च दोन, सिल्व्हर आणि डाउनी. कोवळ्या काडीवरून बोट फिरवून बघा, पुरळ आल्यासारखी खरखरीत लागली तर सिल्व्हर, मऊ लव लागली तर डाउनी. सिल्व्हरला हलकी, पाणी न धरणारी जमीन आवडते. तुमच्या ओल्या कोपऱ्यात डाउनीच टिकेल.

कुंडीवाली:
बेअर रूट, म्हणजे मुळांना माती नसलेलं, रोप घ्या, नोव्हेंबर ते मार्च मिळतात, कुंडीतल्यापेक्षा खूप स्वस्त. माझं पहिलं आलं तेव्हा नुसती खराट्याची काडी वाटली, लावली आणि इंग्लंडात कशाला पाणी घालायचं म्हणून सोडून दिली, जूनमध्ये वाळून कोळ. पहिले दोन उन्हाळे पाणी घालाच. दुसरं झाड जगलं तर मी शहाणीने मार्चमध्ये फांदी कापली, आठवडाभर नळ गळावा तसा रस टपटप गळत होता 🤦 छाटणी उन्हाळा संपता संपता करायची. आणि घरात कोणाला परागकणांचं वावडं असेल तर एप्रिलमध्ये शिंकून शिंकून हैराण व्हाल.

निवांत:
आजोबांचं अर्धं बरोबर. मुळं पाया उचलत नाहीत सहसा, ती वरवरच असतात, पण कोरड्या उन्हाळ्यात झाड चिकणमातीतलं पाणी ओढतं, माती आकसते आणि घर खचतं. आम्ही दहा मीटर अंतर ठेवलं. घराच्या इन्शुरन्सची कागदपत्रं एकदा वाचून घ्या, आणि मागच्या शेजाऱ्याचं गॅरेज कुठे येतंय तेही बघा.

लीड्सकर७४:
सगळ्यांचे आभार! टोकाचा कोपरा घरापासून साडेदहा मीटर भरला, पलीकडे नुसतं कुरण आहे. नोव्हेंबरमध्ये डाउनीची दोन रोपं मागवतोय. पण आत्ताच वाचलं की डाउनीचं खोड सिल्व्हरएवढं पांढरं होत नाही, करडंच दिसतं, आणि सुरुवातीची काही वर्षं तर चक्क तपकिरी. बायकोला अजून सांगितलेलं नाही.