मदत हवी आहे: मुलाचा रिपोर्ट ४७ एक्सएक्सवाय आलाय, इंजेक्शन आता की बारावीनंतर?

पारिजात७९:
नमस्कार. एकच प्रश्न आहे, कृपया फाटे फोडू नका. मुलाचा गुणसूत्रांचा रिपोर्ट आला, ४७ एक्सएक्सवाय, म्हणजे एक एक्स जास्त (क्लाईनफेल्टर सिंड्रोम). डॉक्टर म्हणाले टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू करू, दर तीन आठवड्यांनी एक. आता सुरू करावीत की बारावी झाल्यावर? अभ्यासावर परिणाम होतो का? पुढची अपॉइंटमेंट २४ तारखेची आहे, तोवर माझ्या डोळ्याला डोळा लागणार नाही. अनुभव असेल त्यांनीच लिहा.

घाटमाथा:
वय?

रेवाकाठ:
वय, उंची, टेस्टोस्टेरॉन, एफएसएच, एलएच (मेंदूकडून वृषणांना हुकूम देणारी हार्मोन्स)? टेस्ट कशासाठी सांगितली होती? तीन ओळींवर कोण काय सांगणार ताई.

पारिजात७९:
बारावी लिहिलंय ना, म्हणजे १७. उंची ५ फूट ११, आमच्या दोन्ही घराण्यांत एवढं कुणी नाही, आम्ही कौतुकच करत होतो. टेस्टोस्टेरॉन १९०, एफएसएच ३६. एलएच बघून सांगते, फाइल कपाटात आहे आणि आत्ता घरात सगळे आहेत.

बजरंगी_लाठी:
या वयात कसली इंजेक्शनं लावताय पोराला. अश्वगंधा दुधातून द्या, रोज ५० जोर, ५० बैठका. माझ्या भाच्याला तीन महिन्यांत मिशी फुटली.

रेवाकाठ:
भाच्याची गुणसूत्रं तपासली होती का? एफएसएच ३६ म्हणजे वरून मेंदू बोंबलतोय की काम करा आणि खाली वृषणं दाद देत नाहीयेत. जास्तीचा एक्स दुधानं जात नाही.

बजरंगी_लाठी:
आयुर्वेद म्हटलं की काहींच्या पोटात दुखतं. चालू द्या.

इतिहासाचं_येड:
क्लाईनफेल्टर नाव कुठून आलं सांगतो. १९४२ मध्ये बोस्टनच्या डॉ. हॅरी क्लाईनफेल्टर आणि सहकाऱ्यांनी ९ पुरुषांचं वर्णन केलं, तेव्हा कारण माहीत नव्हतं. १९५९ मध्ये एडिंबरोला पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांना जास्तीचा एक्स सापडला. साधारण ६०० मुलग्यांत एक, म्हणजे दुर्मीळ वगैरे अजिबात नाही, बहुतेकांना आयुष्यभर कळतच नाही.

घाटमाथा:
त्यांनी इंजेक्शनचं विचारलंय हो.

उशिरा_उजेड:
मी स्वतः एक्सएक्सवाय. ३४ व्या वर्षी कळलं. त्याआधी तीन वर्षं बायकोच्या तपासण्या, ट्यूब उघड्या आहेत का त्याचा एक्सरे, दर महिन्याला सोनोग्राफी, देवदेवस्की पण झाली, आणि एकाही डॉक्टरनं मला डबी हातात देऊन सॅम्पल आणा म्हटलं नाही. शेवटी म्हटलं तर स्पर्म शून्य. वृषणातून सूक्ष्मदर्शकाखाली शोधतात ते ऑपरेशनही केलं, निम्म्याच्या आसपास लोकांना सापडतात, मला नाही सापडले. (दत्तक घेतली, कन्या आता तिसरीत आहे, ते वेगळं.) सांगायचं एवढंच की इंजेक्शन सुरू करायच्या आधी सीमेन तपासणी आणि स्पर्म फ्रीझिंगचं विचारा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदू खाली हुकूम पाठवायचं थांबवतो. मिळतीलच असं नाही, पण विचारा.

मोगरा_वसई:
ताई, माझ्या मुलीला टर्नर आहे, ४५ एक्स. आम्ही रोज रात्री ग्रोथ हार्मोनची सुई देतो, मांडीवर एक दिवस डावीकडे एक दिवस उजवीकडे, आता तीच पेन सेट करते. तुम्ही इको आणि किडनीची सोनोग्राफी करून घ्या आधी, हृदयाची महाधमनी बघायला सांगा.

रेवाकाठ:
मोगराताई, ते टर्नरचं झालं, तिथे एक्स कमी असतो, इथे जास्त आहे. यांनी हाडांची घनता, शुगर आणि थायरॉइड बघावं. टेस्टोस्टेरॉन बरीच वर्षं कमी राहिलं की हाडं विरळ होतात.

मोगरा_वसई:
बरं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून लिहिलं.

कट्ट्यावरचा_बाब्या:
म्हणजे मुलगा मुलगी दोन्ही आहे का??

उशिरा_उजेड:
नाही. मुलगा आहे. वाय आहे ना. पुढचा प्रश्न विचारण्याआधी वरचे प्रतिसाद वाच बाबा.

पारिजात७९:
सगळ्यांना एकदम उत्तर देते. एलएच १८. टेस्ट अशी झाली की छाती वाढलीय म्हणून सर्जनकडे नेलं होतं. मी वर्षभर त्याचा भात बंद केला होता, वजन वाढलंय समजून. मे महिन्यात गावी सगळी पोरं विहिरीत उड्या मारत होती आणि हा काठावर टी शर्ट घालून सगळ्यांचे मोबाईल सांभाळत बसला, मी म्हटलं आळशी आहे. सर्जननी हार्मोनच्या डॉक्टरकडे पाठवलं, त्यांनी ड्रॉवरमधून वृषणांचं माप घ्यायची मण्यांची माळ काढली, लहान ते मोठे मणी, प्रत्येकावर आकडा. मला बाहेर बसवलं. कागदावर ३ मिली लिहिलंय.
तीन वर्षांचा होईपर्यंत नीट बोलत नव्हता, मराठी वाचायला चौथी उजाडली. त्याचा याच्याशी संबंध आहे का? आणि सासूबाई म्हणतात तुझ्या माहेरचं आहे.

रेवाकाठ:
बोलणं, वाचन उशिरा येणं यात बऱ्याच मुलांमध्ये दिसतं. बुद्धी सहसा कमी नसते, शब्द सापडायला वेळ लागतो. माहेर-सासर काही नाही, बीज तयार होताना गुणसूत्रं नीट वेगळी झाली नाहीत, योगायोग. साधारण निम्म्या वेळा जास्तीचा एक्स वडिलांकडून येतो, हे सासूबाईंना सांगा पाहिजे तर :)

घाटमाथा:
कुणी विचारलं नाही म्हणून मी विचारतो. मुलाला सांगितलंय का?

पारिजात७९:
बारावीचं वर्ष आहे. फाइल कपाटात साड्यांखाली ठेवलीय. त्याला म्हटलंय रक्त कमी आहे. आता यावर कुणी लेक्चर देऊ नका.

उशिरा_उजेड:
लेक्चर नाही ताई. पण दर तीन आठवड्यांनी कमरेत इंजेक्शन टोचणार, त्याला काय सांगाल, लोहाचं? आणि फ्रीझिंगसाठी डबी त्यालाच न्यायचीय. मला कुणी १७ व्या वर्षी सांगितलं असतं तर रडलो असतो, पण बायकोची तीन वर्षं वाचली असती. अभ्यासाचं म्हणाल तर मला इंजेक्शननंतर दुपारची पेंग गेली, बाकी काही बिघडलं नाही. बारावीसाठी थांबा म्हणून मी तरी सांगणार नाही, पण आधी सीमेनचं.

बजरंगी_लाठी:
वाचून वाईट वाटलं. जोर बैठका तरी करू द्या, हाडांना बऱ्या.

रेवाकाठ:
यावर मात्र सहमत.

पारिजात७९:
काल रात्री बोलले. त्याला माहीत होतं. लॅबमध्ये फॉर्म भरताना मोबाईल नंबर त्याचाच दिला होता मी, पीडीएफ आधी त्याच्याकडे आली. १२ दिवस झाले. मी कपाटाला कुलूप लावत होते आणि तो बाहेरच्या खोलीत हेच वाचत बसला होता. म्हणाला, तू रडशील म्हणून बोललो नाही. सीमेनचं पण त्याला माहीत होतं, मलाच सांगत होता. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले २४ ला आधी तेच बोलू.
त्याचा एकच प्रश्न आहे, इंजेक्शननी छाती जाईल का, मे महिन्यापर्यंत?

उशिरा_उजेड:
इंजेक्शननी सहसा जात नाही, आलेली गाठ तशीच राहते. माझी छोट्या ऑपरेशननी काढली, नंतर काही आठवडे घट्ट जॅकेट घालावं लागतं. त्याला म्हणावं सर्जनला स्वतः विचार. आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का ते डॉक्टरांना सांगा, काही इंजेक्शनं शेंगदाणा तेलात असतात.

पारिजात७९:
शेंगदाण्याच्या कुटाशिवाय आमच्याकडे भाजीच होत नाही. नाही अ‍ॅलर्जी. विचारते सर्जनला. म्हणजे तो विचारेल.