मदत हवी आहे: गड्ड्याला नवीन वॉल हँगिंग काढतोय, फोटो आधी टाकू का?

नमस्कार मंडळी,
मी सोलापूरचा, पूर्व भागातला. आजोबांपासून घरात चादरी. आता माग राहिले नाहीत. डिझाइन मी करतो आणि मजुरी देऊन दुसऱ्यांच्या मागावर विणून घेतो. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेला, म्हणजे आमच्या गड्ड्याला, स्टॉल लावायचाय, विषय धरलाय सात नंदीध्वजांची, म्हणजे देवाच्या उंच सजवलेल्या काठ्यांची, मिरवणूक.

आधी चादरच काढणार होतो. आईने एका वाक्यात निकाल लावला, "देवाच्या काठ्या पायाशी घेऊन झोपायचं का?" म्हणून भिंतीवर लावायचं, दीड बाय अडीच फूट, सुती.

पहिला नमुना आला तर काठीवरचं बाशिंग चक्क फ्लॉवरचा गड्डा! बाण्याचं (आडव्या धाग्याचं) सूत जाड, बारीक वळणं सगळी खाऊन टाकली. मग बाशिंग मोठं केलं, माणसं कमी केली, मागे नुसता करडा रंग. मला आवडलंय. बहीण अजून नाक मुरडते.

अडचण अशी, की मागवाले शंभर नगांखाली मागावर ताणा (उभे धागे) भरत नाहीत. मित्र म्हणतो, इन्स्टाग्रामवर फोटो टाक, ॲडव्हान्स घे, मग विण. पण गेल्या वर्षी टॉवेलचं डिझाइन असंच टाकलं, तर दिवाळीच्या आत तेच दुसऱ्याच्या दुकानात, वीस रुपयांनी स्वस्त. काय करू?

ताणाबाणा: फोटो थांबवा! डिझाइन कायदा, 2000 प्रमाणे अर्जाच्या तारखेला डिझाइन नवीन लागतं. आधी जगाला दाखवलं की नवेपण गेलं. अर्ज भरला की खुशाल टाका. नोंदणी 10 वर्षांची, पुढे 5 वाढवता येते. आणि "माझं चित्र आहे, कॉपीराइट आहेच" या भरवशावर राहू नका. नोंदणीजोगं डिझाइन नोंदवलं नाही आणि मागावर 50 हून जास्त नग निघाले, की तो हक्कही संपतो. तुम्ही तर शंभर काढताय.
जाता जाता, सोलापुरी चादरीचं जीआय (भौगोलिक मानांकन) या वस्तूला लावू नका. ते चादरीचं आहे.

होममैदान: मी गड्ड्यात स्टॉल लावते. गर्दी पाळण्यांना आणि खाण्याला. महाग वस्तू घेतात ते यात्रेला घरी आलेले पुण्या-मुंबईचे सोलापूरकर, त्यांच्या बॅगेत मावेल अशी गुंडाळी करून द्या. आणि भाऊ, ताणा शंभराचा भरा, पण शंभरही एकच कशाला? ताणा तोच ठेवून डिझाइन बदलता येतं की!

धागाकर्ता: ताई, पायाच पडतो. मागवाल्यांना आत्ताच फोन केला. म्हणाले, "इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड हाय, डिझाइन कॉम्प्युटरवरनं बदलतंय, त्याचे पुठ्ठे थोडेच पाडायचेत? चालतंय की." मग आधी का नाही सांगितलं? "तुम्ही कुठं विचारलं?"
अर्जाची कागदपत्रं सोमवारी बघतो. काठ्यांचे 40 काढेन म्हणतो. उरलेल्या 60 ला काय विणू? भुईकोट किल्ला सोडून सुचवा, तो बहिणीने आधीच धरलाय.