जुना गेमिंग पीसी: आता काय बदलू, आणि काय अजून चालेल?

नमस्कार मंडळी,

घरच्या पीसीबद्दल सल्ला हवा आहे. जोडणी २०१८ची. रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक, जीटीएक्स १०६० (६ जीबी), पॉवर सप्लाय ४५० वॉटचा. विंडोज १० एका २४० जीबीच्या साटा एसएसडीवर आहे आणि गेम सगळे १ टीबीच्या हार्ड डिस्कवर. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झ.

मी प्रामुख्याने मोठे ओपन-वर्ल्ड गेम खेळते, ज्यात गोष्ट चांगली असते असे. धाकटा भाऊ ऑनलाइन शूटर खेळतो. जुने गेम अजून झकास चालतात. नव्यांत मात्र मीडियम सेटिंगवरही ३५-४० एफपीएस (सेकंदाला फ्रेम) मिळतात, आणि गाडी वेगात पळवली की चित्र अडखळतं. ‘डूम: द डार्क एजेस’ तर सुरूच होत नाही. भावाचं म्हणणं वेगळं आहे: एरवी एफपीएस बरे असतात, पण ऐन चकमकीत फ्रेम गळतात आणि तेवढ्यात तो मारला जातो.

पूर्ण नवा पीसी जोडायचा तर बरेच महिने पैसे साठवावे लागतील. एखाद-दुसरा भाग आत्ता घेता येईल. तर सगळं एकदम बदलावं की ह्याच कॅबिनेटात एकेक करत जावं? एकेक करायचं तर सुरुवात कुठून? आणि ग्राफिक्स कार्डांची पुढची पिढी येईपर्यंत थांबण्यात काही अर्थ आहे का?

आधी मोजा, मग खरेदी

ताई, तुम्ही एकाच पीसीची तीन वेगवेगळी दुखणी लिहिली आहेत आणि तिन्हींचा उपाय वेगळा असू शकतो. कमी एफपीएस हे बहुधा कार्डाचं काम. गाडी पळवताना अडखळणं हे हार्ड डिस्कचं किंवा प्रोसेसरचं. चकमकीत फ्रेम गळणं हे जवळपास नेहमी प्रोसेसरचं, किंवा रॅमच्या वेगाचं. अंदाजाने कार्ड घेतलंत तर पहिलं दुखणं जाईल, भावाचं जसंच्या तसं राहील. म्हणून एक संध्याकाळ मोजण्यात घालवाच.

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर टाका, दोन्ही फुकट आहेत. खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात पाच गोष्टी दिसू द्या: कार्डाचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगेचा) वापर, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), रॅम आणि फ्रेमटाइमचा (एका फ्रेमला लागणाऱ्या वेळाचा) आलेख. व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग) आणि एफपीएसची मर्यादा बंद ठेवा, नाहीतर आकडे फसवतात. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड कमी पडतंय. तो ६०-७० वर घुटमळत असेल आणि तरी एफपीएस कमी असतील, तर कार्ड मोकळं बसून प्रोसेसरची वाट बघतंय. खात्री करायची असेल तर रिझोल्यूशन ७२०पीवर आणा. एफपीएस वाढले नाहीत तर प्रोसेसरच अडवतोय.

इथे बरेच जण टास्क मॅनेजरमधला एकूण आकडा बघून म्हणतात, ‘प्रोसेसर तर ३० टक्केच वापरला जातोय.’ तुमच्या प्रोसेसरला १२ थ्रेड आहेत. गेमचा मुख्य थ्रेड त्यातला एक पूर्ण भरून बसला आणि बाकीचे निवांत असले, तरी एकूण आकडा छोटाच दिसणार. म्हणून थ्रेडनिहाय बघायचं.

आणि सरासरी एफपीएसपेक्षा फ्रेमटाइमकडे जास्त लक्ष द्या. ६० एफपीएस म्हणजे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत. सरासरी ६० असून मधूनच एखादी फ्रेम ८० मिलिसेकंद घेत असेल, तर त्यापेक्षा सरळ रेषेत चालणारे ४० एफपीएस डोळ्यांना जास्त बरे वाटतात.

मोजण्याआधी धूळ काढा (हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, ती गरगर फिरू देऊ नका). इतक्या वर्षांत थर्मल पेस्ट वाळली असेल, तीही बदला. बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग, चालू आहे का बघा. ते बंद असेल तर ३००० मेगाहर्ट्झची रॅमही २१३३ किंवा २४०० वर चालते, आणि रायझनमध्ये आतल्या जोडणीचा वेग रॅमच्या वेगाला बांधलेला असल्याने तोटा दुहेरी होतो. चार खाचा असतील तर दोन स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत असायला हव्यात.

डूमसाठी मोजायची गरज नाही

वरच्या प्रतिसादाला +१, पण एक गोष्ट मोजण्याआधीच सांगता येते. ‘डूम: द डार्क एजेस’ला रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरणांचा हिशोब करून चित्र काढण्याचं) हार्डवेअर सक्तीचं आहे, किमान आरटीएक्स २०६० सुपर किंवा आरएक्स ६६०० आणि ८ जीबी व्हीरॅम. १०६० मध्ये ते हार्डवेअरच नाही, त्यामुळे सेटिंग कितीही खाली आणलं तरी उपयोग नाही. इंडियाना जोन्सच्या २०२४च्या गेमलाही हीच अट आहे. शिवाय एनव्हीडियाने १०००-मालिकेच्या कार्डांसाठी नव्या गेमांना धरून येणारे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, आता फक्त सुरक्षेचे येतील. तेव्हा कार्ड आज ना उद्या बदलावंच लागणार. प्रश्न फक्त क्रमाचा आहे.

वेगळं मत

मी असतो तर ह्या बोर्डावर एक पैसाही घातला नसता. ह्या बोर्डाच्या एएम४ सॉकेटची (प्रोसेसर बसतो त्या जागेची) वाट संपली आहे. त्यानंतरच्या एएम५ वर गेलात तर पुढे फक्त प्रोसेसर बदलून काही वर्षं निघतील, एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही त्या सॉकेटला साथ द्यायचं जाहीर केलंय. आत्ता थोडं थांबा, पैसे साठवा, एकदाच नीट घ्या. अर्धवट डागडुजीत गेलेले पैसे जोडले की कधीकधी नवा पीसीच निघतो.

एएम५ बद्दल

तत्त्वतः बरोबर आहे आणि कोणी शून्यातून जोडत असेल तर मीही एएम५च सांगेन. पण एएम५ला डीडीआर५च लागते, म्हणजे बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकदम. २०२५च्या अखेरपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यावर रॅमचे भाव जगभर भडकले. अशा वेळी धागाकर्तीकडे चालती १६ जीबी डीडीआर४ आहे, ती टाकून देणं मला पटत नाही. आणि एएम४ संपला असला तरी त्याच्या टोकाचे प्रोसेसर कमजोर नाहीत. रायझन ५ १६०० (२०१७) आणि ५६०० (२०२२) ह्यांत तीन पिढ्यांचं अंतर आहे, तरी दोन्ही त्याच बोर्डावर बसतात. इतका लांबचा पल्ला मारू देणारे बोर्ड फार नाहीत. असलेला फायदा घ्यावा.

मोजलं! (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. धूळ काढली, पेस्ट बदलली, एक्सएमपी आधीपासून चालूच होतं. आकडे असे:

माझ्या गेममध्ये पायी फिरताना कार्ड ९८-९९ टक्के, व्हीरॅम जवळपास पूर्ण भरलेली. गाडी वेगात नेली की कार्डाचा वापर धपकन ५० वर येतो, फ्रेमटाइमचा आलेख उसळतो आणि त्याच वेळी हार्ड डिस्क १०० टक्के दिसते. भावाच्या शूटरमध्ये कार्ड ५५-६५ टक्के, दोन थ्रेड सतत भरलेले, आणि ७२०पी केलं तरी एफपीएस हलत नाहीत.

म्हणजे तिन्ही ठिकाणी वेगळंच काहीतरी अडवतंय. आता क्रम काय लावू?

क्रम

छान मोजलंत, आता सांगणं सोपं झालं.

पहिली एसएसडी. गेम हार्ड डिस्कवरून खेळण्याचे दिवस गेले. नव्या ओपन-वर्ल्ड गेमांच्या किमान अटींतच एसएसडी लिहिलेली असते, कारण जग तुमच्यापुढे उलगडत असतानाच ते डिस्कवरून वाचलं जातं. १ टीबीची एनव्हीएमई (बोर्डावरच्या एम.२ खाचेत बसणारी वेगवान एसएसडी) घ्या. बी४५० वर ती पीसीआयई ३.० ने (बोर्डावरच्या जोडणीच्या जुन्या पिढीने) चालेल, म्हणजे सेकंदाला साधारण ३,५०० एमबीपर्यंत. त्याहून महागडी, ४.० किंवा ५.० ची, घेऊन ह्या बोर्डावर फायदा नाही. बोर्डाची पुस्तिका बघा, एम.२ खाच वापरली की काही बोर्डांत एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. पुढे कुठलाही पीसी जोडलात तरी ही एसएसडी सोबत येईल, त्यामुळे हा खर्च वाया जाण्याची भीतीच नाही.

दुसरा प्रोसेसर. इथे अनेक जण कार्ड आधी म्हणतील. माझं मत प्रोसेसरच्या बाजूने आहे, दोन कारणांनी. भावाचं दुखणं फक्त त्यानेच जाईल. आणि विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११च्या यादीत पहिल्या पिढीचे रायझन नाहीत, ५६०० आहे. एका बदलात दोन कामं होतात. चांगल्या अवस्थेतला ५७००एक्स३डी मिळाला तर शूटरसाठी तो आणखी उत्तम, त्यात ९६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) आहे, ५६०० मध्ये ३२. पण त्याच्यासोबत कूलर येत नाही आणि तो ६५ ऐवजी १०५ वॉटच्या वर्गातला आहे, तेव्हा कूलरचा खर्च धरा.

तिसरं कार्ड, आणि ते सावकाश निवडा. बी४५० पीसीआयई ३.० चा आहे आणि आजची बरीच मधल्या गटातली कार्डं फक्त ८ लेन (बोर्डाशी डेटा नेण्याच्या वाटा) वापरतात. आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय तशी आहेत. व्हीरॅम पुरेशी असेतो फरक थोडा पडतो, पण ८ जीबी भरली की कार्डाला सारखं रॅमकडे धावावं लागतं आणि तिथे अरुंद रस्ता नडतो. म्हणून तुमच्या बोर्डावर ८ जीबीचं कार्ड मला अजिबात नको वाटतं. आरएक्स ९०६० एक्सटीची १६ जीबी आवृत्ती पूर्ण १६ लेनची आहे, ती तुम्हाला जास्त शोभेल. तिच्याच नावाने ८ जीबीवालीही विकली जाते, खोक्यावर नीट वाचून घ्या. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबीचं आहे, पण त्याला रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू हवाच आणि जुन्या प्रोसेसरवर त्याचा ड्रायव्हर जड पडतो. आत्ताच्या १६०० सोबत ते मुळीच घेऊ नका.

पॉवर सप्लाय विसरू नका

१०६० म्हणजे १२० वॉटचं कार्ड होतं. ९०६० एक्सटी १६ जीबी १६० वॉटचं. कागदावर ४५० पुरतील, पण इतकी वर्षं चाललेल्या सप्लायवर नवं कार्ड लावायला मी कोणालाही सांगणार नाही. कार्डासोबतच ५५० किंवा ६५० वॉटचा चांगला घ्या. ‘८० प्लस’चा शिक्का विजेची बचत सांगतो, आतल्या भागांचा दर्जा सांगत नाही, तेव्हा त्या मॉडेलची सविस्तर चाचणी वाचा आणि वॉरंटी किती वर्षांची ते बघा.

एक कळकळीची विनंती: नवा सप्लाय मॉड्युलर असेल तर जुन्याच्या केबल त्याला लावू नका. सप्लायकडच्या टोकाला तारांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते. केबल आत बसते, पण चुकीचा व्होल्टेज जाऊन डिस्क आणि बोर्ड जळतात.

प्रोसेसर बदलताना

जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायॉस अद्ययावत करा. कुठली आवृत्ती लागेल ते बोर्डाच्या कंपनीच्या पानावर, प्रोसेसरांच्या यादीत दिलेलं असतं. तिथली टीपही वाचा, काही बोर्डांत नव्या बायॉसमधून जुने प्रोसेसर वगळलेले असतात आणि मग मागे येणं कठीण होतं.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा आणि काम होईपर्यंत तो स्थगित करा. त्या कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारा एफटीपीएम प्रोसेसरशी बांधलेला असतो, नवा बसवला की बोर्ड तो पुसायची परवानगी मागतो. की हाताशी नसेल तर डेटा गेला.

कूलर काढण्याआधी पंधरा-वीस मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्या. मग पीसी बंद करा, वायर काढा, आणि कूलर हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. एएम४च्या पिना प्रोसेसरला असतात. सरळ वर ओढलं की चिकटलेला प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

थांबण्याबद्दल

हा प्रश्न मागे पडला. पुढची पिढी नेहमीच येणार असते. खेळायची तीव्र इच्छा असलेला गेम आज चालत नसेल तर थांबू नका. तसा गेम नसेल तर थांबायला काहीच लागत नाही, आणि तोवर एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून एफपीएस वाढवणारी सोय) वापरा, ते १०६० वरही चालतं. एनव्हीडियाच्या तशाच डीएलएसएसला मात्र आरटीएक्स लागतं. वापरलेलं कार्ड घ्यायचं ठरलं तर पैसे देण्याआधी समोर अर्धा तास जड गेम चालवून बघा: पडद्यावर ठिपके किंवा रंगीत चौकोन येतात का, पंखे घरघरतात का, तापमान कुठे स्थिरावतं. ‘घरी नेऊन बघा’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

ठरलं (धागाकर्ती)

एसएसडी ह्याच आठवड्यात. मग ५६०० आणि विंडोज ११. कार्ड आणि पॉवर सप्लाय एकत्र, पैसे साठले की, आणि १६ जीबीचंच. भाऊ खूश आहे, त्याचा नंबर आधी लागला. शेवटचा प्रश्न: नवं कार्ड आल्यावर १०६० विकून टाकू ना?

१०६०

निदान नव्या कार्डाची परतीची मुदत संपेपर्यंत विकू नका. ५६०० मध्ये अंतर्गत ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड बिघडलं तर बोर्डाच्या एचडीएमआय पोर्टमधून काहीच दिसणार नाही. पीसी सुरू करून दोष कुठे आहे हे शोधायला तरी दुसरं कार्ड लागतं. अँटिस्टॅटिक पिशवीत घालून ठेवा. आणि नवं कार्ड बसवण्याआधी डीडीयू (ड्रायव्हर समूळ काढणारं सॉफ्टवेअर) वापरून एनव्हीडियाचे ड्रायव्हर पूर्ण काढा, मग एएमडीचे टाका.